काजळी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे असं काही लिहिणं मला आगाऊपणाचं वाटतं. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहतो, ते काका रेल्वेच्या डिझेल इंजिनांची वीतभर मॉडेल्स जमवतात. काल एका नव्या, चकचकीत इंजिनावर ते बारीक ब्रशनं काळा रंग लावत होते.

"काका, घाण का करताय?"

"घाण नाही रे, सुधारतोय. धुराची काजळी नसेल तर ते नुसतं खेळणं."

माझे वडील, अण्णा, रेल्वेच्या शेडमध्ये खऱ्या इंजिनांवरची हीच काजळी धुतात. मग ते इंजिन सुधारतात की बिघडवतात? काकांना विचारायचं तर अण्णांचं काम सांगावं लागेल. ते मी अजून सांगितलेलं नाही. का नाही, तेही मला नीट कळत नाही.

शेडमधली डिझेल इंजिनं मोडीत काढणार, असं महिनाभर ऐकत होतो. आज अण्णांचा फोन आला.

"शेवटचं इंजिन गेलं रे भंगारात. सकाळी धुऊन दिलं."

"भंगारात जाणारं कशाला धुतलंत?"

"मग काळ्या तोंडानं पाठवायचं होय त्याला?"