भोंगा निघून गेल्यावरची नदी

सभांना लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या माणसाला लोकांनी 'भोंगा' म्हणावं, यात लोकांनी फार डोकं चालवलं असं नाही. पण याला हे नाव स्पीकरमुळे पडलंच नव्हतं. माईक बंद पडला तरी याची सभा चालूच राहायची, म्हणून पडलं होतं. आणि गड्याला त्याचा अभिमान होता!

नगरपालिकेने नदी पाइपात घालून वर रस्ता करायचं काढलं, तेव्हा त्याचं टाळकं सरकलं. अहवालात लिहिलं होतं, 'पात्र मृत. जीवसृष्टी आढळली नाही.' लव्हाळ्यात कोण राहतं ते फोटोत दिसेना. "मग आवाजच ऐकवतो!" भोंगा भर सुनावणीत बोलून बसला. सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "पुढच्या तारखेला ऐकवा. पण रेकॉर्डिंग सलग हवं. तुम्ही स्पीकरवाले, काटछाट म्हणजे तुमच्या हातचा मळ. एक जोड सापडला तरी सगळं बाद."

झालं. स्वारी रोज पहाटे रेकॉर्डर घेऊन काठावर. घरी येऊन दुकानामागच्या खोलीत, फुटक्या स्पीकरांच्या ढिगात बसून, कानाला हेडफोन लावून ऐकायचं. काय ऐकायला मिळायचं? त्याचा खोकला. त्याच्या चपला. गाडी धुणाऱ्या एकाला झापलेलं. एकदा तर लव्हाळ्यांनाच उद्देशून केलेलं अख्खं भाषण. ते त्याने दोनदा ऐकलं, कारण चांगलं वठलं होतं. नदीचा मात्र पत्ता नाही.

पुढच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी शिवणकाम बाजूला ठेवून बायको सोबत आली. त्याने रेकॉर्डर लव्हाळ्यात ठेवला, चालू केला आणि येरझाऱ्या घालायला लागला.

"अहो, चपला काढा. खाली बसा. आणि तोंड मिटा."

"अगं, मला शिकवतेस? जन्म गेला माझा आवाजात!"

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला नदी ऐकायचीच नाहीये. तुम्हाला नदीला भाषण ऐकवायचंय."

भोंगा तडक घरी निघाला. मागोमाग बायको. चहा पोटात गेल्यावर आठवलं, रेकॉर्डर तिथेच राहिला. तसाच पळत जाऊन घेऊन आला.

संध्याकाळी ऐकायला बसला. आधी भांडण. मग त्याच्या चपला, फटाक फटाक, लांब जाणाऱ्या. मग काहीच नाही. मग 'डुबुक'. एक बेडूक चाचरत बोलला, पलीकडून दुसऱ्याने री ओढली. दगडाच्या फटीतून पाणी गुळगुळ करत निघालं. कुणीतरी पंख झटकले, आणि एक टिटवी अशी काही कडाकडा भांडायला लागली की भोंग्याला वाटलं, ही आपल्याच घराण्यातली.

बायकोने हेडफोनचा एक कान ओढून घेतला. "अगंबाई! केवढी गर्दी!"

"मी गेल्यावर आलेत सगळे."

"मग काय! कधी जातोय म्हणून टपून बसले होते बिचारे."

तो हसला, आणि हसता हसता थांबला. सलग हवं होतं. म्हणजे उद्या भर सभागृहात आधी बायकोने काढलेली खरडपट्टी वाजणार. तेवढा तुकडा उडवायला कितीसा वेळ लागतो? बोट बटणावर गेलंसुद्धा. आयुष्यभर ताठ ठेवलेली मान एकीकडे, नदी एकीकडे. आणि जोड सापडला तर दोन्हीही गेल्या.

"काय करताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही," म्हणत त्याने बोट मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी हा शहाणा सवयीने आपले सगळ्यात मोठे स्पीकर घेऊन गेला. "आणि तोंड मिटा!" बायकोचा आवाज सभागृहाच्या भिंतींवर आदळला. लोक पोट धरधरून हसले. नगरपालिकेच्या वकिलाने तर डोळे पुसले. जमीन पोटात घेईल तर बरं, असं भोंग्याला झालं. चपलांचा आवाज लांब गेला तसं मागून कुणीतरी ओरडलं, "गेला एकदाचा! आता ऐका!"

आणि खरंच, सगळे ऐकायला लागले. बेडकांना मध्येच कुणी टोकलं नाही. टिटवीला तर नाहीच नाही.

रेकॉर्डिंग संपलं. साहेब म्हणाले, "पुन्हा लावा."

"बेडकांपासून लावतो, साहेब."

"सलग म्हटलं होतं मी."

पुन्हा खरडपट्टी, पुन्हा हशा, पुन्हा नदी. मग साहेबांनी अहवालातल्या 'मृत' शब्दावर रेघ मारली. रस्त्याचं काम थांबवून नव्याने पाहणी करायचा हुकूम दिला. "पाहणीला तुमच्या बाजूने एक माणूस हवा. पण तुम्ही..."

"येत नाही, साहेब," भोंगा म्हणाला. "बायकोला पाठवतो."