घड्याळाला लागलेली हळद

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या मते जगात जुनं असं काही नसतंच. असतं ते फक्त मळलेलं. घर मराठी, पण जन्म इथला, कोलकात्यातला, उभी नोकरी जवळच्या बजबजच्या ताग गिरणीत यंत्रं सांभाळण्यात गेलेली. आम्ही नाशिकहून इथे राहायला आलो त्या दिवशी ते स्वागताला खाली आले, आमच्याच दारात आम्हाला "या, या" म्हणाले आणि बोलता बोलता खिशातला फडका काढून आमच्या बेलचं बटण पुसू लागले. लोकलमध्ये ते आधी खिडकीचे गज पुसतात, मग बसतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा ऐन आरतीच्या वेळी त्यांनी तबकातलं निरांजन उचललं, "याच्या बुडाला काजळी आहे" एवढंच म्हणाले आणि घासायला घेऊन गेले. ती आरती आम्ही उदबत्तीवर केली.

आपलं काही चुकतं हे मात्र त्यांना कबूल नसे. आमचा पंखा त्यांनी दुरुस्त करून दिला तेव्हा तीन स्क्रू उरले होते. मी ते दाखवल्यावर म्हणाले, "असू देत. कंपनीवाले जास्तीचे देतात." पंखा तेव्हापासून दमेकऱ्यासारखा फिरतो. काकू मला म्हणत, "काशी झाली, रामेश्वर झालं, यांच्या तोंडून 'चुकलं' ऐकायचं तेवढं राहिलंय बघ."

या काकूंच्या वडिलांचं एक खिशातलं घड्याळ होतं. साखळीचं, पांढऱ्या मिन्याच्या तबकडीचं, पाचच्या आकड्यापाशी केसासारखी चीर गेलेलं. माहेरची तेवढी एकच वस्तू काकूंपाशी उरली होती. रोज सकाळी त्या स्वतः किल्ली द्यायच्या. यंदा दुर्गापूजेच्या दिवसांत त्या पुण्याला मुलीकडे होत्या, आणि काकांनी तेवढ्यात घड्याळाची काच घासायला काढून ठेवली.

खंडेनवमीला काकांचा उत्साह विचारू नका. बाहेर मांडवातले ढाक वाजत असतात आणि हे घरोघर फिरून हत्यारांना हळदकुंकू लावत असतात. पाना, पकड, मिक्सर, माझ्या नवऱ्याचा लॅपटॉप, कोणाची सुटका नाही. त्याच झपाट्यात नेहमीच्या सवयीने त्यांनी घड्याळालाही ओल्या हळदकुंकवाचं बोट लावलं. काच जागेवर नाही हे लक्षात आलं दुसऱ्या दिवशी. कुंकू निघालं, पण हळद चिरेत शिरून पाचाच्या भोवती पसरली होती.

काका खाली आले तेव्हा हातात बशी होती आणि बशीत काटे काढलेली तबकडी. "पिवळी होती," ते म्हणाले, "आता लाल झालीय."

"काका, साबण लावलात?"

"साबणाने कोणाचं वाईट झालंय का आजवर?"

हळदीला साबण लागला की ती लाल होते हे हळदीचं बोट साडीला पुसणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. आयुष्यभर घासण्यात घालवलेल्या माणसाला ते ठाऊक नसावं याचं मला हसू येत होतं, पण बशी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, म्हणून हसले नाही. "साध्या पाण्याने धुवा आणि उन्हात ठेवा," मी म्हटलं. "हळद उन्हाला टिकत नाही."

मग गच्चीवर काका डोक्याला गमछा गुंडाळून, कावळ्यांवर छत्री उगारत, तबकडीची राखण करत बसू लागले. ऊन सरकलं की बशी सरकायची, बशीमागून काका. फोनवर काकूंशी दोन शब्दांच्या वर बोलेनात. एका संध्याकाळी पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "ती दिवाळीनंतर येणार होती. आता या रविवारीच येतेय. कळलं की काय हिला?" मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी डाग गेला. मी तबकडी उजेडात धरून पाहिली, चीर तेवढी होती, बाकी सगळं पांढरंशुभ्र. माझा जीव भांड्यात पडला. काकांनी काटे बसवले, काच बसवली, घड्याळ चालू झालं. आता कोणाला काही सांगायची गरजच नव्हती.

रविवारी हावडा स्टेशनवर काकांबरोबर मीही गेले. काकू गाडीतून उतरल्या, आणि त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आत काका म्हणाले, "तुझ्या बाबांच्या घड्याळाला मी हळद लावली. तबकडीला. माझं चुकलं."

काकू बाकावर बसल्याच. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "अहो, फोनवर तुमचा आवाज इतका पडलेला. मला वाटलं डॉक्टरांनी काहीतरी सांगितलंय आणि तुम्ही लपवताय. लेकीला रडवून निघून आले मी." आणि प्लॅटफॉर्मवर त्या इतक्या हसल्या की हमाल पाहू लागले. काकाही हसले, फडक्याने डोळे पुसत. तो फडका त्या दिवशी प्रथमच माणसाच्या कामी आला.

टॅक्सीत मी पुढे बसले होते. काकूंनी काकांच्या खिशातलं घड्याळ मागून घेतलं. कौतुक करतील म्हणून मी वळून पाहिलं, तर त्यांचा दुसरा हात काकांच्या मनगटावर होता आणि घड्याळात बघत त्या मनातल्या मनात नाडीचे ठोके मोजत होत्या. काका खिडकीबाहेर पुलाकडे पाहत होते. त्यांनी हात काढून घेतला नाही. मी पुन्हा समोर पाहू लागले, आणि नवरा घरातच असूनही उगाच त्याला फोन लावला.