बिनकुलपाचा राऊटर

भोरच्या मलिका अत्तारनं २००५ साली घराच्या माडीवर मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास काढला. सायबर कॅफेत पोरांचा अड्डा असायचा, तिथं आईबाप लेकींना धाडत नसत. मलिकाआपाकडं मात्र निर्धास्त पाठवत.

क्लासात तीन कॉम्प्युटर होते, पण फोन लाइनीवरून येणारी इंटरनेटची वायर एकालाच होती. तिचा भाऊ अन्वर दुबईहून सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं वायरलेस राऊटर आणला आणि स्वतःच जोडून दिला. वायर नसताना तिन्ही कॉम्प्युटरांवर इंटरनेट चालू लागलं. पोरी बघतच राहिल्या. पण या यंत्राला पासवर्डाचं कुलूप घालायचं असतं, हे अन्वरला ठाऊक नव्हतं आणि मलिकालाही नव्हतं. तेव्हा ही यंत्रं उघडीच यायची.

वर्षभरानं क्लासातल्या सुलक्षणाच्या नावानं कुणीतरी इंटरनेटवर खोटं पान काढलं. त्यावर तिचा फोटो आणि घाणेरडा मजकूर. विंझर गावच्या मुलाशी ठरलेली तिची सोयरीक मोडली. पोलिसांनी शोध घेतला, तर माग थेट मलिकाच्या फोन लाइनीवर आला. तिला भर दुपारी चौकशीला नेलं, कॉम्प्युटर उचलून नेले. सारी गल्ली दारात उभी होती.

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं राऊटर पाहून सांगितलं, "हा उघडा आहे. आसपास बसून कुणीही वापरला असेल."

"मग कुणी वापरला, ते यात दिसेल ना?" मलिकानं विचारलं.

"लाइट गेली की याची आठवण पुसली जाते, बाई."

भोरात लाइट रोज जायची.

मलिकाला सोडलं. पण ती निर्दोष आहे, असं कुणी कुणाला सांगितलं नाही. समोरच्या मानसिंगनं सुलक्षणाला मागणी घातली होती आणि तिच्या वडलांनी, आनंदरावांनी, ती नाकारली होती, हे गल्लीला माहीत होतं. गल्लीत लॅपटॉपही त्याच्याच एकट्याकडं. मलिका त्याच्या दारात गेली.

"तुमीच केलंत ना?"

"पुरावा आहे का?" तो म्हणाला आणि चहा पीत राहिला.

मुली यायच्या बंद झाल्या. उरलेल्या दोघींना, त्यांचंही नाव निघू नये म्हणून, मलिकानंच परत पाठवलं. कॉम्प्युटर पोलिसांकडून आले ते बिघडूनच. पुढं ती नसरापूरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागली. लग्नाचं कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांनी नसरापूरच्या स्टँडवर आनंदराव भेटले. ते जरा घुटमळले.

"तुजा दोष नव्हता पोरी. आमास्नी कळलं मागनं."

"मग तेव्हा गावात सांगायचं होतं, काका."

"काय सांगायचं? पुन्ना पोरीचं नाव निघालं आसतं. लांब दिलीय तिला, बिजवराला. तिचं व्हायचं ते झालं."

"माझंबी झालं," मलिका म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग भोरची एस्टी लागली, तसे ते जागा धरायला पळाले.