कापली तर काय करते?

वेल घ्यायला गेलेला माणूस फुलाचा रंग विचारतो, वास येतो का ते विचारतो. आमच्या नर्सबाई दिग्रसच्या नर्सरीत उभ्या राहून एकच विचारायच्या, "कापली तं काय करते?" नर्सरीवाला गांगरायचा. त्यांच्या वरच्या खोलीत राहणारी भाडेकरू म्हणून मी सोबत असायचे आणि मला हसू आवरायचं नाही.

केळापूरहून, स्वतःच्या आईच्या दारातून आणलेली जुई बाईंच्या कंपाउंडवर होती. तिच्या चार फांद्या भिंतीपलीकडे लोंबायच्या. शेजारच्या निवृत्त साहेबांना स्वतःच्या अंगणात दुसऱ्याचं पानसुद्धा खपत नसे. बाई ड्यूटीवर असताना त्यांनी फांद्या तर कापल्याच, वर भिंतीवरून वाकून मुळाशी उकळतं मिठाचं पाणी ओतलं. जुई मेली. बाई विचारायला गेल्या तर म्हणाले, कचरा साफ केला. तो माणूस "चुकलो" म्हणाला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. बाईंना तेवढा एक शब्द हवा होता. तो मिळेपर्यंत या भल्या गृहस्थाला सुखानं जगू द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मीही ठरवलं, खोटं कशाला बोलू.

आधी काट्यांसाठी बोगनवेल आणली. साहेबांनी लांब दांड्याच्या कात्रीनं तिला बोडकी केली. मग बाईंनी खाजकुयली लावली. तिच्या शेंगांवरची कूस अंगाला लागली की माणूस नाचत सुटतो. साहेब सगळं स्वतःच कापतात, म्हणून बाई निर्धास्त होत्या. नेमकी त्या थंडीत साहेबांनी सफाईला एक मजूर बाई लावली आणि ती बिचारी कळवळत आमच्याच दारात आली. नर्सबाईंनी तिच्या हातांना शेण चोळलं, धुतलं, तेल लावलं, दहादा माफी मागितली. मग उघड्या हातांनी ती वेल उपटायला बसल्या. मी हातमोजे द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. मले खाजलंच पाहिजे."

त्यानंतर गुळवेल आली. मुळाशी कापली तरी ती वरून दोऱ्यासारखी मुळं खाली सोडते, मरत नाही. नर्सरीवाल्यानं हे सांगितलं तेव्हा बाई अशा हसल्या की तो दोन पावलं मागं सरला. दोन पावसाळ्यांत ती साहेबांच्या कडुनिंबावर चढली. आता कडुनिंबावरची गुळवेल औषधाला सगळ्यात चांगली, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. ताप आलेल्या, येऊन गेलेल्या आणि येईल म्हणून घाबरलेल्या सगळ्यांना बाई शेजारी पाठवायच्या, "जा, साहेब मनाचे मोठे आहेत" म्हणून. रोज सकाळी साहेबांच्या फाटकाशी माणसं. त्यांनी वेल तीनदा कापली, तिनं तीनदा मुळं सोडली. शेवटी चिडून त्यांनी कडुनिंबच पाडला. त्या मे महिन्यात त्यांचा स्लॅब तव्यासारखा तापला. मी खूश होते. बाई मात्र म्हणाल्या, "झाड गेलं, पण तो अजून बोलला नाही ना वो."

मागच्या पावसाळ्यात बाई गेल्या. छातीत दुखायला लागलं आणि यवतमाळला पोचेपर्यंत सगळं संपलं. घरी बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, आणि मग साहेब आले. माझ्यापाशी उभे राहून, खाली बघत म्हणाले, "चुकलो मी. त्या जुईचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिला ऐकायचं होतं ती ऐकत होती तोवर या माणसाची जीभ उचलली नाही, आणि आता भाडेकरणीला सांगून मोकळा व्हायला आला होता. मी त्यांना बाईंच्या फोटोसमोर नेलं. म्हटलं, "इथं सांगा. मोठ्यानं."

"चुक..." एवढ्यावरच ते अडले. मग म्हातारा रडायला लागला. मी समोर उभी होते. बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही.