आबांच्या अर्जातली खोडलेली ओळ

लॉच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी आठवड्यातून दोन दुपारी अर्ज-निवेदनं लिहायला शिकवते. पहिल्या दिवशी एकच काम देते. काल घरी काय घडलं ते एका पानावर, घडलं त्याच क्रमानं लिहा. दरवर्षी निम्मी मुलं ‘सदर प्रकरणी नम्र निवेदन’ अशीच सुरुवात करतात. घरात कुकरची शिटी उडाली होती, त्यात कसलं आलंय सदर प्रकरण! मग माझं डोकं फिरतं. मी ते पान परत भिरकावते. मुलं माझ्या पाठीमागे मला ‘तिखी मॅडम’ म्हणतात, मला ठाऊक आहे. म्हणू देत. पण खरं सांगायचं तर तो राग त्या पोरांवर नसतोच.

मी स्वतः पहिल्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आम्ही उधन्याला राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, खानदेशातून आलेले, तिथल्याच एका लूमच्या खात्यात कामाला. सुरतेत कारखान्याला खातंच म्हणतात. काका बमरोलीच्या खात्यात होते. आमच्या लोकांत एक रीत आहे. कुणाला लग्नाकार्याला गावी जायचं झालं की त्याच्या यंत्रांवर भाऊ नाही तर मेव्हणा उभा राहतो. बदलीवर. हजेरी मात्र मूळ माणसाच्याच नावावर लागते. मास्तरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, माहीत असतं, शेठला माहीत असतं, कुणी काही बोलत नाही. यंत्र बंद पडलं नाही म्हणजे झालं.

काका मुलीच्या साखरपुड्याला गावी गेले आणि आबा आपल्या खात्यातून रजा घेऊन त्यांच्या जागी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा उजवा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला. पट्ट्यावर जाळी नव्हती. मनगटापासून हात गेला.

भरपाईचा अर्ज करायचं ठरलं तेव्हा माय म्हणाली, एखादा वकील बघू. मी फाडकन म्हणाले, “वकील कशाला? मी आहे ना!” सहा महिने झाले होते मला कॉलेजात. सहा महिने! पण घरात कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या डोक्यात हवा गेली होती. सगळ्यांनी माझ्याकडे मोठ्या विश्वासानं पाहिलं.

मी कच्चा कागद घेऊन आबांच्या खाटेशी बसले. ते म्हणाले, “जे व्हयनं ते लिख, बाई. पयले हाई लिख, त्या दिन मी भाऊनी बदलीवर व्हतू.” घरी ते अहिराणीच बोलायचे. मी ती ओळ लिहिली. बाकीचंही त्यांनी सांगितलं. जाळी नव्हती, मास्तरला सकाळीच सांगितलं होतं, तो ‘चालतंय’ म्हणाला होता. जेमतेम अर्धं पान झालं.

संध्याकाळी काकू आली. पदर तोंडाला लावून म्हणाली, “बदलीचं कागदावर आलं तर यांची नोकरी जाईल गं. घरातलं घरात राहू दे ना.” काका दारात उभे होते. भावाचा हात आपल्यापायी गेला, या विचारानं तो माणूस अर्धा झाला होता.  मला त्यांची दया आली. आणि खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचंही वाटलं. बदलीची ओळ मला अर्जात लंगडी दिसत होती. पुस्तकातल्या अर्जात असलं काही नसतं, असं वाटत होतं. मी लाल पेनानं ती खोडली.

मग गुजरातीत तीन पानं लिहिली. काय ती भाषा! न्याय, निष्काळजीपणा, मानवी प्रतिष्ठा, दोन ठिकाणी लॅटिनसुद्धा. पट्ट्याची जाळी कुठल्या तरी कोपऱ्यात गेली आणि मास्तरचं ‘चालतंय’ राहूनच गेलं. आबांच्या ओळीच्या जागी मी लिहिलं, ‘अर्जदार नेहमीप्रमाणे कामावर असताना’. त्यांना वाचून दाखवलं. त्यांना त्यातलं अर्धंही कळलं नाही, पण लेकीचं कौतुक तोंडावर मावत नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, “यान्हामा बदलीनं उनं ना?”

“आलं सगळं,” मी म्हणाले.

आबा चौथी शिकलेले, सही करायचे. आता उजवा हात नव्हता, म्हणून त्यांनी डावा अंगठा उमटवला.

सुनावणीला लेबर ऑफिसातल्या साहेबांनी आबांना साधंच विचारलं, तुम्ही त्या खात्यात रोज कामाला होता का? आबा म्हणाले, “नाही साहेब, मी भावाच्या बदलीवर होतो.” शेठच्या वकिलानं हजेरीपट पुढे केला. त्या दिवशी काका हजर. मग माझा अर्ज उचलून त्यानं ‘नेहमीप्रमाणे’वर बोट ठेवलं आणि विचारलं, “यातलं खरं काय धरायचं? अर्ज की अर्जदार?”  आबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्यांना नुसतं समजलं होतं.

अर्ज फेटाळला गेला. अर्जदार त्या दिवशी त्या जागी कामावर असल्याचं सिद्ध होत नाही, असं निकालात होतं. आठवड्याभरात शेठनं काकांनाही काढलं. म्हणजे ज्या नोकरीसाठी मी ती ओळ खोडली, ती नोकरीही राहिली नाही. मी निकाल आबांना समजावून सांगितला. ते आपल्या मनगटाकडे बघत म्हणाले, “मी तठे व्हतूच नही, ते मंग मना हात कोठे गया?”

वर अपील करू म्हणून मी पाया पडले. ते नको म्हणाले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे मी वकील झाले. भेस्तानला लहानसं घर घेतलं. आबा तोवर खूप थकले होते. एका सकाळी मी जुन्या फायलीतून तो कच्चा कागद काढला, त्यांच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. ओळ खोडली, तुम्हाला ‘आलं’ म्हणून खोटं सांगितलं, सगळं. मग कोऱ्या कागदावर पुन्हा लिहून काढलं, त्यांनी सांगितलं होतं तसंच, बदलीपासून सुरुवात करून. अर्धं पान झालं. ते मी त्यांना वाचून दाखवलं.

“इतलंच ते सांगेल व्हतं मी तुले,” आबा म्हणाले.

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मग तोच डावा हात पुढे केला आणि विचारलं, “अंगठा कोठे देऊ?”

अपिलाची मुदत जाऊन चौदा वर्षं झाली होती. तो कागद घेणारं ऑफिस कुठेच उरलं नव्हतं. त्यांना हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी उठले, कपाटातून शाईचं पॅड आणलं आणि खाली उजव्या कोपऱ्यात त्यांना जागा दाखवली.