नारळ फुटल्यावर बँड हलत नाही

मिरजेहून निघताना नवऱ्यानं माझ्या पर्समध्ये कापसाचं पुडकं ठेवलं. मीच मागितलं होतं. शोभाच्या मुलाचं लग्न नाशिक जिल्ह्यात होतं आणि तिकडच्या लग्नांतले नामांकित बँड म्हणजे काय प्रकरण असतं, ते शोभाच्याच तोंडून मी ऐकत आले होते. नर्सिंग शिकायला ती मिरजेत आमच्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची, तेव्हापासूनची आमची मैत्री. मी पुढे शाळेत संगीत शिकवलं. आमच्या गावात तंबोरे बनतात, त्यामुळे गावकऱ्यांना सुराचा थोडा माज असतोच. मला जरा जास्त आहे. एखादा मुलगा बेसूर गायला की मी म्हणत असे, "तुझी जागा लग्नाच्या बँडात." निवृत्त होईपर्यंत हा विनोद मी सोडला नाही.

सकाळी नाशिकला उतरले. मे महिना असूनही हवेत गारवा होता. स्टँडजवळच्या हॉटेलात मिसळ मागवली तर समोर काळाकुट्ट रस्सा आला, वर भाजलेला पापड. मी वेटरला विचारलं, "फार तिखट आहे का हो?" तो म्हणाला, "तिखट नाही ताई, दिसायला तशी आहे." त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला आणि पिंपळगाव बसवंतची बस मिळेपर्यंत नाक पुसत बसले.

महामार्गाच्या दोन्ही अंगांना कोल्ड स्टोरेजच्या शेड, द्राक्षं पॅक करायची मोठी गोदामं, आणि त्यांच्या मध्ये एकामागून एक लॉन्स. (मंगल कार्यालयाला इकडे लॉन्स म्हणतात, मग तिथे हिरवळ असो की नुसती खडी.) प्रत्येकाच्या कमानीवर नवरा-नवरीचे फोटो लागायला सुरुवात झाली होती. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "उद्याची तीथ लय दाट हाय. घोडा मिळंना कुणाला." त्यांच्या दिराच्या मुलाला शेवटी ट्रॅक्टरवर बसवायचं ठरलं होतं, आणि मुलगा घोड्याला घाबरत असल्यानं तो खूष होता.

शोभाचं गाव पिंपळगावपासून जवळच. दारात मांडव पडला होता, अंगणात हळदीचा स्वयंपाक चालू होता: वरण, तुपात कुस्करायच्या बट्ट्या आणि वांग्याची भाजी. सटाण्याकडची पाहुणेमंडळी आपसात अहिराणी बोलत होती. एका आजींनी मला "कोन शे वं तू?" (कोण आहेस गं तू?) असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत पानात तिसरी बट्टी टाकली.

तिथे मला आक्का भेटल्या. शोभाच्या नवऱ्याची, दिनकररावांची, ही थोरली बहीण. शोभा दवाखान्यात ड्यूटी करायची तेव्हा रोहितला, म्हणजे आताच्या नवरदेवाला, आक्कांनीच वाढवलं. चार वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले. डाव्या कानाला अगदी तोंड लावून मोठ्यानं बोललं तरच थोडं पोचतं. मशीन आहे, पण गर्दीत ते नुसती शिट्टी मारतं. मागच्या वर्षी पुतणीच्या लग्नात त्या अक्षता हातात धरून बसल्या होत्या, आणि सगळ्यांच्या टाकून झाल्या तेव्हा त्यांना कळलं.

"म्हणून त्यांनी एकच मागणं मागितलं," शोभा म्हणाली. "रोहितच्या लग्नाला दीपमाळ बँडच पाहिजे. त्या बँडचा मोठा ढोल आक्कांना छातीत कळतो. गेल्या साली गावातून त्या बँडची वरात गेली ना, तर आक्का धावत ओट्यावर आल्या. म्हणाल्या, कुणाचं लग्न आहे?"

दीपमाळ म्हणजे या भागातला सगळ्यात गाजलेला बँड. त्यांची तारीख मिळेना म्हणून लग्न फेब्रुवारीतून मे महिन्यात ढकललं होतं. मुहूर्त गुरुजींनी काढला खरा, पण आधी बँडमास्तरांना विचारून. मी हसले. शोभा हसली नाही, तेव्हा मीही तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही महामार्गावरच्या लॉन्सवर पोचलो. लग्न गोरज मुहूर्ताचं होतं आणि त्याआधी परण्या, म्हणजे नवरदेवाची घोड्यावरून मारुतीच्या देवळापर्यंत मिरवणूक. घोडा आला. रोहित त्याच्यावर चढला. फेटेवाल्यानं माझ्याही डोक्याला फेटा बांधला. आक्का नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसल्या होत्या, रस्त्याकडे डोळे लावून. बँडचा मात्र पत्ता नव्हता.

मास्तर फोन उचलत नव्हते. बँडवाल्यानं वाजवताना फोन उचलायचा तरी कसा, हेही खरंच. दिनकरराव गेटपर्यंत जायचे, परत यायचे आणि आल्यावर आपण रक्तदाबाची गोळी घेतली का ते शोभाला विचारायचे. कुणीतरी म्हणालं, "डीजे लावून टाकू." त्यावर दिनकरराव असे बघायला लागले की तो माणूस पाणी प्यायला निघून गेला.

घोडा घामाघूम झाल्यावर शोभानं माझा दंड धरला. "निर्मल, तू जा. संपतचा टेम्पो घे आणि हायवेवरच्या लॉन्स बघ. ते कुठेतरी अडकलेत. इथली माणसं बँड शोधायला जातात आणि तिथंच नाचत बसतात. तू नाचणार नाहीस."

माझ्या चारित्र्याची इतकी अचूक पारख आजवर कुणी केली नव्हती. मी फेट्यासकट टेम्पोत बसले. संपत शोभाचीच द्राक्षं वाहून नेणारा, पन्नाशीचा, बोलका माणूस. त्यानं आधी माझ्या कानांकडे पाहिलं. "मॅडम, कापूस काढा. बँड डोळ्यानं सापडायचा नाय. ह्या गर्दीत सगळे लाल कोटवालेच हायेत."

मी कापूस काढला. महामार्गाची कढई कानात ओतल्यासारखं झालं.

कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढत आम्ही पहिल्या लॉन्सशी थांबलो. तिथला बँडही नावाजलेला, हे संपतनं सांगितलं. मी खाली उतरले ती नाक वर करूनच. ट्रम्पेट जरा चढे होते, पट्टी सुटत होती, हे मी मनात टिपलं. मग त्यांनी चाल बदलली. दोघा जणांनी एक ओळ घेतली, तिसऱ्यानं ती मधूनच उचलली, आणि साईड ड्रमवाल्यानं समेला इतकी गोड हुलकावणी दिली की माझ्या तोंडून "वा" गेलं. शेजारचा माणूस मला आणखी पुढे ढकलू लागला. संपतनं हॉर्न वाजवला.

"हे नाहीत," मी टेम्पोत बसत म्हणाले.

"ते तर मला लांबूनच कळलं व्हतं."

"मग थांबलात कशाला?"

"तुम्ही उतरल्या म्हणून."

दुसऱ्या लॉन्सवरचा बँड खरोखर बेसूर होता आणि मला बरं वाटलं. पण तिथेही नवरदेवाची आई डोक्यावरचा पदर सांभाळत, एका हातानं चष्मा धरून नाचत होती. तिच्या पायाचा ठेका अजिबात चुकत नव्हता. बेसूर बँडवर ठेका धरणं अवघड असतं, हे मला शिकवायच्या इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

तिसऱ्या लॉन्सच्या अलीकडेच संपतनं गाडी हळू केली. "ऐका." मला आधी काहीच ऐकू आलं नाही. मग सीट हलली. धप्प, आणि मध्ये मोकळी जागा, आणि पुन्हा धप्प. संपत म्हणाला, "हे आपले."

दीपमाळ बँड भर उन्हात दुसऱ्याच नवरदेवाच्या पुढे वाजवत होता.

मास्तर सापडले. केस काळेभोर रंगवलेले, डोळ्यांवर गॉगल, खांद्यावर सोनेरी झालर. क्लॅरिनेट काखेत धरून त्यांनी माझी सगळी कहाणी शांतपणे ऐकली.

"मॅडम, चूक झाली, मान्य. आमची गाडी इथं पाण्याला थांबली. ही मंडळी आली, ढोलाला हार घातला आणि नारळ फोडला. आम्हाला वाटलं तुमचीच माणसं."

"मग आता चला."

"नारळ फुटला ना मॅडम. वाद्याची पूजा झाली की तो नवरदेव मारुतीला नेऊन मांडवात सोडल्याशिवाय बँड हलत नाही. माझ्या आजोबांनी मोडलं नाही, मी मोडू?"

तेवढ्यात तिथल्या नवरदेवाचे वडील आले. त्यांना प्रकार कळला तसा त्यांचा चेहराच उतरला. "आमचा बँड घाटात बंद पडलाय. बँडची गाडी दिसली आन् आमच्या मेव्हण्यानं नारळ फोडला. त्याला नारळ फोडायची लय हौस हाय." मेव्हणे मागेच उभे होते. त्यांच्या पिशवीत आणखी तीन नारळ दिसत होते.

मी त्यांना आक्कांबद्दल सांगितलं. ढोल छातीत कळतो ते सांगितलं. मारुतीचं देऊळ कुठल्या बाजूला, असं मी विचारलं. दोन्ही लॉन्सना देऊळ एकच होतं, मधल्या फाट्यावर.

मी शोभाला फोन लावला. "बँड येत नाही. नवरदेवच इकडे आणा."

पुढचं जे झालं त्याची नाशिक जिल्ह्यातच सोय असावी. अर्ध्या तासात आमचं वऱ्हाड रस्त्यानं चालत आलं, पुढे घोड्यावर रोहित, मागे जीपमध्ये आक्का. दोन नवरदेव शेजारीशेजारी उभे राहिले आणि दोघांनी एकमेकांना लाजत नमस्कार केला. मास्तरांनी गॉगल पुसला. मेव्हण्यांना शेवटी काम मिळालं. त्यांनी आमच्या नावाचा नारळ फोडला, आणि आता बँड दोघांना बांधला गेला. दोन्हीकडची माणसं एकमेकांत अशी मिसळली की कोण कुणाचं वऱ्हाडी ते फक्त फेट्याच्या रंगावरून कळत होतं. मला दोन अनोळखी बायकांनी हात धरून मध्ये ओढलं. शोभाचा माझ्यावरचा विश्वास तिथे संपला.

शोभानं आक्कांना मोठ्या ढोलाच्या शेजारी आणून उभं केलं होतं. आक्कांनी कानातलं मशीन काढलं आणि पदराच्या टोकाला बांधलं. पहिला ठोका पडला आणि त्यांचा हात छातीवर गेला. "येतंय," त्या म्हणाल्या. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे ते सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. "रोहित, येतंय रे मला." रोहितनं घोड्यावरून फेटा सावरायच्या निमित्तानं डोळे पुसले. मी निमित्त शोधलं नाही, सरळ रडले.

देवळापाशी मिरवणूक थांबली. इथे या बँडचा रिवाज असा की ढोल, ड्रम, सगळं बंद करायचं आणि मास्तरांनी एकट्यानं क्लॅरिनेट वाजवायची. मास्तरांनी मांड राग घेतला. मी डोळे मिटले आणि लगेच उघडले, कारण माझा पदर कुणीतरी ओढत होतं.

"थांबले का गं?" आक्का विचारत होत्या. त्या सगळ्यांचे चेहरे बघत होत्या. सगळे ऐकत होते आणि ढोल गप्प होता. "मला काही येत नाही. संपलं?"

मी त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावलं. "संपलं नाही. मास्तर एकटे वाजवतायत."

"काय वाजवतायत?"

हे कसं सांगायचं? मांड म्हणून सांगितलं तर त्यांना काय मिळणार होतं? मी गायला लागले. देवळापुढे, दोनशे माणसांत, फेटा बांधून, आक्कांच्या कानात, होता तेवढा आवाज लावून. मास्तर एक वळण घेत, मी त्यांच्या पाठोपाठ तेच घेई. शब्द नव्हते, नुसतं "आ" आणि जिथे जमलं नाही तिथे "प्यां". लोक वळून बघत होते. संपत तोंडावर रुमाल धरून हसत होता. आक्का मात्र मान हलवत होत्या, अगदी जागच्या जागी. मास्तरांनी हे पाहिलं आणि लय कमी केली, मला श्वास घेता यावा म्हणून. शेवटच्या ओळीला वरच्या सुरावर ते खूप वेळ थांबले. मीही थांबले, धुरळा घशात गेला आणि मला जोराची ढास लागली. खोकला थांबला तोवर ढोल पुन्हा सुरू झाला होता.

संध्याकाळी मंगलाष्टकंही मीच आक्कांच्या कानात म्हटली. अक्षता त्यांनी सगळ्यांच्या बरोबर टाकल्या. रोहितच्या डोक्यावर त्यांच्याच सगळ्यात जास्त पडल्या असतील, मूठभरून घेतल्या होत्या.

मिरजेला परतले तेव्हा घसा पूर्ण बसला होता. नवऱ्यानं विचारलं, "कापूस पुरला का?" मला बोलता येईना म्हणून हातानंच काही सांगितलं, त्यावर त्यानं काढा करून दिला. मी दोन दिवस गप्प बसून विचार करत होते. बेसूर मुलांना मी ज्या बँडात पाठवत होते, त्या बँडात त्यांतल्या एकालाही कुणी घेतलं नसतं.

तिसऱ्या दिवशी शोभाचा फोन आला. "आक्का मागेच लागल्यात. देवळापुढे शेवटी ते वर थांबले, त्यानंतर खाली उतरले की तिथंच सोडलं? तू खोकलीस, त्यामुळे त्यांचं तेवढं राहून गेलं."

मला माहीत नव्हतं. मी खोकत होते. शोभाकडून मास्तरांचा नंबर घेऊन त्यांना विचारलं. मास्तरांनी फोन बहुधा मांडीवर ठेवला आणि क्लॅरिनेटवर तेवढी ओळ वाजवून दाखवली. वरून ते खाली आले होते, एकेक सूर मोजून द्यावा तसे, आणि शेवटचा तर नुसता श्वासच होता. मी ती ओळ रियाजाला बसून घोटली.

परवा रात्रीच्या नाशिकच्या गाडीचं तिकीट काढलं. नवरा म्हणाला, "एका ओळीसाठी इतक्या लांब? फोनवर म्हणून दाखव."

मी म्हटलं, "फोनवर त्यांना ऐकू येत नाही."