बाबांच्या उशाचा पिंपळ

आई गेली त्या सकाळी मी प्रार्थना केली नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी देवाचं नाव घेईन तेव्हा कुणी म्हणायला नको की ही मूळचीच भोळी. मी भोळी नाही. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. नावाला घरवाले चालवतात, पण खरी चालवते मीच, आणि गिरणीच्या आवाजावर बोलायची सवय लागल्यामुळं माझा आवाजही चढा आणि डोकंही तापट. त्या सकाळी मी देवावर चिडले होते. हिवाळ्यापासून आई अंथरुणाला खिळली होती आणि हिवाळ्यापासून मी एकच मागणं मागत होते. ते काही मिळालं नव्हतं.

मागणं लई मोठं नव्हतं. आमची ख्रिस्ती घरं गावात मोजकीच. आजोबांच्या काळापासून आमची माणसं ओढ्याकाठच्या एका तुकड्यात पुरली जातात. माझे बाबा तिथंच आहेत. आईला त्यांच्या शेजारी जायचं होतं, बस्स. पण त्या तुकड्याला लागून मारुतरावांचं शेत आहे आणि त्याच्या आदल्या पावसाळ्याआधी त्यांनी आमच्या तुकड्यावर नांगर घालून चहूबाजूनं तारेचं कुंपण घेतलं होतं. आमच्या चर्चच्या मंडळीतली वडीलधारी माणसं बोलायला गेली तर ते म्हणाले, "हितं कुठं कबरी हायत? दाखवा मला." दाखवणार काय? आमच्या कबरींवर संगमरवर नव्हता. मातीचे उंचवटे होते, चुना लावलेले दगड होते. नांगरानं उंचवटे सपाट केले, दगड बांधावर जाऊन पडले. बाबांच्या कबरीवरचा लाकडी क्रूस तर आधीच वाळवीनं खाल्ला होता. पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला, आम्ही पहाटे तिथं जाऊन गाणी म्हणायचो, ती त्या वर्षी आमच्या ख्रिस्ती देवळातच म्हटली. कुणी मेलं नव्हतं, म्हणून कुणाला घाईही नव्हती. आई मात्र रोज विचारायची, "तार काढली का गं?" मी म्हणायची, काढतील. शेवटी शेवटी तिनं विचारायचंही सोडलं. नुसती माझ्याकडं बघायची. ते बघणं मला अजून सहन होत नाही.

आई पहाटे गेली. उन्हाळ्याचे दिवस, दिवस मावळायच्या आत माती द्यायलाच हवी होती. मुखेडहून रशीदभाई सुतार पेटी घेऊन आले. आमच्या सगळ्या माणसांच्या पेट्या त्यांच्याच घरच्या. पाळकसाहेब आले, आले तसे मारुतरावांकडं गेले आणि मान खाली घालून परत आले. मारुतराव वाईट बोलले नव्हते. उलट म्हणाले होते की तुमच्या बाईला तालुक्याच्या दफनभूमीत न्या, माझा टेम्पो घ्या, डिझेलही माझंच. चांगुलपणा केला की नाही! पाळकसाहेबांना ते पटलं होतं. दारात मढं असताना भांडण नको, ते मला समजावून सांगायला लागले. आपल्या प्रभूला तरी स्वतःची कबर कुठं होती, दुसऱ्याच्याच कबरीत त्याला ठेवलं ना. बोलणं खोटं नव्हतं. पण मला आईचं ते बघणं आठवलं आणि मी भिंतीकडं तोंड करून बसले. मनात म्हटलं, देवा, तुला एवढीशी तार निघत नाही होय?

तेवढ्यात सुशीलामावशी आली. ती आमची सख्खी मावशी नव्हे. आमच्या गल्लीच्या पलीकडं बौद्धवाडा आहे, तिथल्या विहारातली ती जुनी उपासिका, आईच्या बरोबरीची. दोघींचं जन्मभर जमलं आणि जन्मभर भांडणही झालं. आई म्हणायची, "सुशीले, एकदा तरी वर बघून हात जोड." मावशी म्हणायची, "वर काय हाय? पत्रा हाय. तोबी गळतोय." तर ही मावशी पांढरं लुगडं नेसून, विहारातल्या बायांना घेऊन आली, आईच्या पायाशी थोडा वेळ बसली, डोळे पुसले आणि विचारलं, "का थांबून राहिलात?"

मी सगळं सांगितलं. टेम्पोचं सांगितलं तशी ती ताडकन उठली. "आमच्यात शिकवत्यात, दुःख हाय आन् दुःखाला कारण हाय. हितं तर कारण डोळ्यांनी दिसतंय, तारेचं हाय. ते सोडून तुमी टेम्पो बघून राहिलात?" पाळकसाहेबांनी तिलाही ते उसन्या कबरीचं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "साहेब, ती देणाऱ्यानं स्वतःची दिली होती. हितं तुमची तुमाला मिळंना. उचला पेटी." इतक्या वर्षांत पाळकसाहेबांना असं तोंडावर कुणी बोललं नसेल. पण ते भले माणूस. त्यांनी टोपी काढली आणि पेटीला पहिला हात त्यांनीच लावला.

विहारातल्या पांढऱ्या लुगड्यातल्या बाया पुढं, मागं पेटी, त्यामागं आम्ही. मला वाटेत नुसती धास्ती होती. पोलीस येतील, दगड येतील, पेटी खाली ठेवावी लागेल, आणि आईची विटंबना होईल ती माझ्यामुळं. कुंपणाशी मारुतराव उभेच होते, बरोबर त्यांचे भावकीतले चार लोक. मारुतरावांनी हात जोडले आणि तेच म्हटलं, "मावशे, तू तरी समजव. हितं कबर असती तर मी आडवलं असतं का? दाखव एक तरी."

मावशीनं बोट केलं. कुंपणाच्या आत, नांगरलेल्या काळ्या रानाच्या मधोमध, एक पिंपळ उभा होता. नांगर त्याच्या जवळ जाऊन वळला होता, भोवती गोल जागा तशीच सोडली होती. त्या झाडाकडं मी हजारदा बघितलं असेल, पण त्या झाडाचा उपयोग काय ते माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्या पिंपळाचं सांगायला हवं. माझे बाबा गवंडी होते. बौद्धवाड्यातल्या विहाराचा ओटा आणि भिंत त्यांच्या हातची. बाबा गेले तेव्हा त्या भिंतीच्या भेगेत पिंपळाचं रोप उगवलं होतं. भिंतीला धोका म्हणून ते उपटायचंच होतं. मावशीनं ते मुळासकट अलगद काढलं आणि तिसऱ्या दिवशी बाबांच्या उशाशी आणून लावलं. का, तर म्हणाली, आमच्या बुद्धाचं झाड हाय, ह्यानं आमची भिंत बांधली, ह्याला सावली नको का? आमच्या मंडळीत केवढा गहजब झाला! ख्रिस्ती माणसाच्या कबरीवर पिंपळ? उद्या लोक म्हणतील, हे पण पिंपळ पुजायला लागले. उपटून टाका म्हणाले. आई एकटी आडवी आली. "माझ्या नवऱ्याला सावली होईल, राहू द्या," एवढंच म्हणाली आणि दर उन्हाळ्यात घागर घेऊन जात राहिली.

"हा पिंपळ का न्हाई पाडला, मारुतराव?" मावशीनं विचारलं.

"पिंपळ कुणी पाडतं का मावशे? पाप लागतं."

"मग लावला कुणी, कुणाच्या उशाशी? आन् लावताना पाणी कुणाच्या मोटारीचं आलं?"

त्या दिवशी मीही तिथं होते, मला लख्ख आठवलं. ओढा आटला होता, आणि शेजारच्या रानात मोटार चालू करून, पाइप खांद्यावर टाकून, हेच मारुतराव आले होते. तेव्हा त्यांना मिशाही धड फुटल्या नव्हत्या. बाबांना ते गवंडीकाका म्हणायचे. भावकीतला एक जण काही बोलायला लागला, तर मारुतराव त्याला म्हणाले, "थांब रे." मग वाकले आणि स्वतःच्या हातानं तार सोडवायला लागले. काट्यानं बोट फाटलं, तरी पक्कड मागितली नाही.

तार बाजूला करून ते म्हणाले, "झाडाखालचं तेवढं घ्या. माझी काही हरकत न्हाई." माझे तर हात जोडलेच गेले होते. आईला जागा मिळाली, मला आणखी काय हवं होतं? पण मावशीनं माझे जोडलेले हात धरून खाली केले. "ही मेहरबानी झाली. आमी मेहरबानी मागायला आलो न्हाई. समदा तुकडा ह्यांचा हाय, हक्काचा हाय. आज माती देऊ, मोजणी लावू, आन् मोजणीत निघंल ते सोडायचं. हाव म्हणा." मारुतराव म्हणाले, मढं खांद्यावर असताना कशाला भांडतेस? ती म्हणाली, "भांडण मढ्याचंच हाय की!" शेवटी ते हाव म्हणाले. पुढं मोजणी झाली, तुकडा आमचाच निघाला, तार निघाली. त्यात चकरा लई पडल्या, मारुतराव मध्येच फिरलेही, पण ते रडगाणं इथं नको.

आमच्या पोरांनी बाबांच्या शेजारी खड्डा घेतला. डोकं पश्चिमेला, म्हणजे उठेल तेव्हा तोंड उगवतीला असावं, अशी आमची रीत. खोल गेल्यावर पिंपळाची मुळं लागली, बाबांच्या बाजूनं आलेली. पोरांनी विचारलं, तोडायची का? मी म्हटलं, एकाला हात लावू नका, खड्डा थोडा सरकवा. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आम्ही गाणं म्हटलं. नंतर विहारातल्या बायांनी हात जोडून त्रिशरण म्हटलं. कुणी कुणाला थांबवलं नाही. दिवस अजून वर होता. मला तेव्हा कुठं रडू फुटलं, आणि रडता रडताच माझ्या तोंडून प्रार्थना निघाली. सकाळपासून अडून बसली होती ती.

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. मावशीनं ते झाड बुद्धाचं म्हणून लावलं, मारुतरावांनी पापाच्या भीतीनं तोडलं नाही, आणि आईनं सावलीसाठी जगवलं. यात कुणीच माझ्या मागण्याचा विचार केला नव्हता. तरी मी मागायच्या कितीतरी आधी ते उत्तर तिथं वाढत होतं, एवढं मला दिसतं. मी पुढं मावशीला म्हटलंही, की देवानंच तुझ्या हातून ते लावून घेतलं. ती केवढी भडकली! "खड्डा मी खणला, पाठ माझी मोडली, आन् नाव तुझ्या देवाचं?" मग हसली. "म्हण बाई. तुझ्या तोंडानं तू म्हण." मी म्हणते. देवावर भार टाकायचा म्हणजे भिंतीकडं तोंड करून बसायचं नसतं, पेटी उचलायची असते, हे मला देव न मानणाऱ्या बाईनं शिकवलं. त्यासाठी मी रोज देवाचे आभार मानते, तिला आवडो न आवडो.

या वर्षी पुनरुत्थानाच्या पहाटे आम्ही पुन्हा तिथं जमलो. मावशी घागर घेऊन आली, आमची गाणी संपेपर्यंत झाडाला टेकून बसली. आता तिच्यानं फार चालवत नाही. सगळे पांगल्यावर मला जवळ बोलावून, कधी नव्हे ते चाचरत म्हणाली, "पोरी, माझं झाल्यावर मला आमच्या रीतीनं जाळतील. पण राख ह्या पिंपळाच्या आळ्यात टाकली तर चालंल का? तुझ्या मंडळीला विचारून बघशील?"

मी म्हटलं, "विचारायचं कशाला मावशी? हक्काचं हाय."